नवाच्या खालची रेघ

“नवाच्या खाली रेघ मार,” प्रभाताई म्हणाल्या, आणि मी पट्टी धरून मारली. लाल शाईची, अगदी सरळ. मारून झाल्यावर रेघेखालचं पहिलं नाव वाचलं. दहावं. सिंधू खरबडे, शेकडा चोवीस.

माझंही आडनाव खरबडेच. सिंधू खरबडे म्हणजे माझ्या आजोबांची धाकटी बहीण, बाबांची आत्या, माझी सिंधूआजी. आणि तिला मी स्वतःच्या हाताने, पट्टी धरून, फलकाबाहेर काढलं होतं.

तेव्हा मी आठवीत होते. आता अकरावीत आहे आणि मंडळाच्या सामन्यांत लाउडस्पीकर माझ्याच हातात असतो, पण त्या वेळी प्रभाताईंसमोर मी ‘हो ताई’च्या पुढे जायचे नाही. प्रभाताई देशमुख म्हणजे मंडळाच्या पहिल्या कॅप्टन, नंतर मुख्याध्यापिका, आता अध्यक्ष. त्यांनी नुसतं चष्म्यावरून पाहिलं तरी माणूस आपोआप रांगेत उभा राहतो.

आमच्या मूर्तिजापुरात मुलींच्या सॉफ्टबॉल मंडळाला पन्नास वर्षं होत होती. जिनिंग मिलच्या मागच्या मैदानावर, जिथे वाऱ्याबरोबर कापसाचे पुंजके तिसऱ्या बेसपर्यंत उडत येतात, तिथे १९७४ साली चौदा मुली सलवार-कमीज घालून बॅटी घेऊन उतरल्या होत्या, आणि अर्धं गाव ‘पोट्ट्या काय करून राहिल्या’ ते पाहायला कुंपणाला लटकलं होतं. त्या चौदांतल्या सर्वांत चांगल्या नऊ जणींची नावं लाकडी फलकावर रंगवून रविवारी लावायची होती. नऊच, कारण संघ नऊचा असतो. कोण चांगली हे भांडून नाही, आकड्यांवरून ठरणार. गुरुवारी पेंटर यायचा होता. आणि मला गणितात पैकीच्या पैकी असल्यामुळे आकड्यांचं काम माझ्या गळ्यात पडलं होतं.

गणित तसं सोपं. किती वेळा बॅटिंगला आली, आणि त्यातून किती वेळा चेंडू मारून सुखरूप बेसवर पोचली. शंभरातून तीस वेळा पोचणारी म्हणजे पक्की खेळाडू. प्रभाताई शेकडा चौतीस, सगळ्यांत वर. मग नलिनी मोहोड बत्तीस. मग शैला इंगळे, तिसाच्या थोडं वर. अशा उतरत उतरत नवव्या रजनी ढोरे, सव्वीस. आणि मग माझी रेघ.

मी कसंबसं विचारलं, “ताई, वहीत काही चूक असेल तर?”

प्रभाताई हसल्या. म्हणाल्या की दुसऱ्या कोणाची वही असती तर शंका घेतली असती. पण या सातही वह्या सिंधूच्या हातच्या आहेत. ती स्वतः खेळायची आणि स्कोअरही लिहायची. मैदानात असताना सगळं डोक्यात साठवायची आणि डाव संपला की बाकावर बसून धडाधड लिहून काढायची. कोणी कोणाकडे फेकला, कोण कुठे बाद झालं, एक चेंडू इकडचा तिकडे नाही.

“तिची वही म्हणजे कोर्टाचा कागद,” त्या म्हणाल्या. “चोवीस म्हणजे चोवीस.”

मी वह्या दप्तरात भरल्या.

संध्याकाळी मी सिंधूआजीकडे गेले. ती स्टेशनच्या मागे दोन खोल्यांत एकटी राहते. तिने लग्न केलं नाही. तीस वर्षं एसटीच्या आरक्षणाच्या खिडकीत बसली, आणि अजूनही कोणी ‘नागपूर’ म्हटलं की सुटायच्या वेळा आपोआप तिच्या तोंडून बाहेर पडतात. जानेवारी होता. ती ओट्यावर परात घेऊन तुरीच्या शेंगा सोलत होती. मीही बसले सोलायला. वाईट बातमी सांगताना हाताला काम असलेलं बरं.

मी सगळं सांगितलं, आणि रेघ मीच मारली हेही सांगितलं. ती रागावली नाही. नववी कोण, एवढंच विचारलं.

“रजनी ढोरे. सव्वीस.”

“बरोबर. आन् माझा?”

“चोवीस.”

“बरोबर,” ती म्हणाली. पण शेंगेच्या शिवणीवर ठेवलेला तिचा अंगठा तिथेच थांबला होता. मग शेंग फुटली आणि दाणे परातीत पडले.

“तू येशील ना पण रविवारी?”

“रविवारी मले कारंज्याले जायचं हाय. हळदीकुंकू हाय एकीकडचं.”

सिंधूआजी जन्मात कधी हळदीकुंकवाला गेलेली नाही. कोणी बोलावलं तर वाण घरी पाठवून द्या म्हणते. मी तिच्याकडे पाहिलं, तिने परातीकडे पाहिलं, आणि जाताना माझ्या डब्यात सोले, म्हणजे ते सोललेले हिरवे दाणे, भरून दिले, भात करा म्हणाली.

घरी बाबांनी तोडगा सुचवला, की प्रभाताईंना म्हणावं एक नाव वाढवा. मी म्हटलं, तुम्हीच म्हणा. बाबा प्रभाताईंच्या शाळेत शिकलेले. ते जेवायला लागले.

मला त्या चोवीसचा राग आला होता, खरं सांगायचं तर. सिंधूआजीनेच मला बॅट धरायला शिकवलं. मी दुसरीत असताना मोसंबी फेकून शिकवलं, आणि फुटलेली मोसंबी मग दोघी मिळून खायचो. साठी उलटून गेलेली बाई अंगणात उभी राहून अशी बॅट फिरवायची, की मोसंब्याचा रस भिंतीवर कोयरी काढायचा. जिचा हात असा, ती दहावी? मी वह्या घरी आणल्या होत्याच. बुधवारी शाळेला दांडी मारली (पोटात दुखतं, नेहमीचंच) आणि पहिल्या पानापासून बसले.

आधी मी काय केलं होतं, तर प्रत्येक सामन्याच्या शेवटी तिने लिहिलेली बेरीज घेतली होती आणि त्या बेरजांची बेरीज केली होती. आता एकेक चौकोन वाचायला लागले.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. समजा तुमची मैत्रीण पहिल्या बेसवर उभी आहे आणि तिला दुसऱ्यावर सरकवायचंय. तर तुम्ही जोरात मारायचं नाही. बॅट आडवी धरून चेंडू नुसता टेकवायचा. तो पिचरच्या, म्हणजे चेंडू टाकणारीच्या, पायाशी घुटमळतो, ती उचलून तुम्ही पोचायच्या आत पहिल्या बेसला फेकते, तुम्ही बाद. पण तेवढ्यात मैत्रीण पुढे सरकलेली असते. तुम्ही जाणूनबुजून बाद झालात, तिच्यासाठी. म्हणून नियम असा की ही खेळी सरासरीत धरायचीच नाही, जणू तुम्ही बॅटिंगला आलाच नव्हता. सिंधूआजी अशा चौकोनात ‘त्या’ लिहून त्याभोवती गोल करायची. त्या म्हणजे त्याग.

रजनीच्या ओळीत ‘त्या’ होते. नलिनीच्या, शैलाच्या. प्रभाताईंच्या ओळीत सातही वह्यांत मिळून दोन. पहिल्या दोन वह्यांत सिंधूआजीच्या ओळीतही होते, चार. मग तिसऱ्या वहीपासून एकही नाही.

त्याऐवजी तिथे ‘१-३’ होतं आणि पुढे लाल फुली. एक म्हणजे पिचर, तीन म्हणजे पहिला बेस. पिचरने फेकला, पहिल्या बेसला बाद. साधा आउट. मी पानं उलटत गेले. १-३, फुली. १-३, फुली. इतक्या वेळा कोणी पिचरच्याच पायाशी चेंडू मारतं का? जिच्या बॅटने मोसंबी भिंतीवर फुटतात, ती?

मग मी तिच्या वरची ओळ पाहिली. ती दुसऱ्या क्रमांकावर खेळायची. पहिला क्रमांक नलिनीचा. जिथे जिथे सिंधूआजीच्या चौकोनात १-३ आणि फुली, तिथे नलिनीच्या चौकोनात पहिल्या बेसवरून दुसऱ्यावर जाणारी रेघ. प्रत्येक वेळी. आणि त्यानंतर तिसऱ्या क्रमांकावर प्रभाताई यायच्या, फटका मारायच्या, आणि नलिनी उरलेले बेस धावून घरी, म्हणजे एक धाव.

मी मोजले. दोनदा मोजले, मग आईला मोजायला बसवलं. सत्तेचाळीस.

सत्तेचाळीस वेळा तिने स्वतःचा त्याग स्वतःच आउट म्हणून लिहिला होता. बाकीच्या तेरा जणींचा एकही चुकला नव्हता.

एकावन्न फटके, दोनशे बारा वेळा बॅटिंग, असं तिचं चोवीस आलं होतं. दोनशे बारातून सत्तेचाळीस गेले, एकशे पासष्ट राहिले. कॅल्क्युलेटरने तीस पूर्णांक नऊ दाखवलं. शैला इंगळेंचं होतं तीस पूर्णांक आठ. सिंधूआजी तिसरी होती.

मी तशीच सायकल काढली. पोटात दुखणारी मुलगी सायकलवरून सुसाट जाताना कॉलनीतल्या सगळ्यांनी पाहिली. सिंधूआजी कपडे वाळत घालत होती. मी तिसरी वही तिच्यासमोर उघडून धरली आणि बोट ठेवलं. पहिल्या लाल फुलीवर. ९ नोव्हेंबर १९७५.

“हे काय आहे आजी?”

“आउट हाय.”

“हा त्याग आहे. नलिनीताई दुसऱ्या बेसवर गेल्या. हे बघ.”

तिने हातातलं पातळ नीट झटकलं, दोरीवर घातलं, कडा जुळवल्या. मग म्हणाली, “लई हुशार झाली वं तू.”

“आधीच्या दोन वह्यांत बरोबर लिहिलंयस. मग नोव्हेंबरमध्ये काय झालं?”

बराच वेळ ती सांगेना. चहा घे म्हणाली, अभ्यास नाही का म्हणाली, शाळेत सांगेन म्हणाली. मी ओट्यावर मांडी घालून बसले. शेवटी सांगितलं, तेही दोरीकडे तोंड करून.

अकोल्याचा सामना जिंकून सगळ्या जणी एसटीने परत येत होत्या. गाडीत गाणी चाललेली. कोणीतरी म्हणालं, सिंधू, या वर्षाच्या सरासऱ्या वाच. तिने वाचल्या. पहिली आली ती स्वतः, प्रभापेक्षा केसभर वर. तिला वाचताना लाज वाटली, पण वाचलं. आणि प्रभा पुढच्या सीटवरून वळून हसत म्हणाली, ‘पेन जिच्या हातात तिचीच सरासरी वर असणार ना बाप्पा.’

“सगळ्या हसल्या,” सिंधूआजी म्हणाली. “मीबी हसली.”

“आणि मग?”

“मग काय. पेन तर होतंच माझ्या हातात. दुसऱ्याचं माप बरोबर घालावं, आपलं घालताना जराक कमी धरावं. म्हणजे कोणाले बोलाले जागा राहत नाही.”

“जराक? सत्तेचाळीस आहेत.”

ते तिला माहीत नसावं. तिने पहिल्यांदा माझ्याकडे वळून पाहिलं. “सत्तेचाळीस?”

“दोनदा मोजले. आईनेही मोजले.”

ती ओट्यावर टेकली. मग विचारलं की प्रभाची खूण मला माहीत आहे का. मला नव्हती. तिने सांगितलं. कॅप्टन तिसऱ्या क्रमांकावर, म्हणजे सिंधू बॅटिंगला असताना प्रभा बाजूलाच वाट पाहत उभी. प्रभाची जाड वेणी कमरेच्या खाली यायची. ती वेणी पुढे असली तर सिंधूने मनासारखं मारायचं. प्रभाने ती खांद्यावरून मागे टाकली, की टेकवायचं.

“आन् ती टाकायचीच,” आजी म्हणाली. “मले वाटे, एक डाव राहू दे ना वं पुढे.” मग लगेच म्हणाली, “पण आपन जिंकत होतो.”

जाताना तिने माझ्याकडून शपथ घेतली, की एसटीतलं काही प्रभाला सांगायचं नाही. सत्तरीला आलेल्या बाईला पन्नास वर्षांपूर्वीची थट्टा कशाला आठवून द्यायची. फलक काय, लाकूडच असतं. मी शपथ घेतली. पण वही दाखवायची नाही असं ती म्हणाली नव्हती, आणि मीही विचारलं नाही.

गुरुवारी सकाळी पेंटर रंगाचे डबे मांडून बसला होता. मी प्रभाताईंच्या टेबलावर तिसरी वही ठेवली. मी पाठ करून आले होते तसं म्हटलं, “ताई, मला एक गणित अडलंय. याच्यात त्याग आहे, पण लिहिलाय आउट. असे सत्तेचाळीस आहेत. कसे धरायचे?”

त्यांनी वही जवळ ओढली. एक चौकोन पाहिला, वरची ओळ पाहिली. बोटाने पान उलटलं. मग दुसरं. त्यांना माझ्यासारखं मोजावं लागलं नाही. त्या चौकोनांत त्या स्वतः उभ्या होत्या ना. मी पाहिलं, त्यांचा हात मानेमागे गेला. आता त्यांचे केस आखूड, पांढरे. तिथे काही नव्हतं.

मग त्या मागे मागे जात पहिल्या फुलीवर आल्या आणि तारीख वाचली. खूप वेळ वाचली. एका तारखेला तेवढा वेळ लागत नाही.

“सिंधू काही बोलली?” त्यांनी विचारलं.

“नाही,” मी म्हटलं. हे खोटं होतं, आणि मला वाटतं त्यांनाही कळलं.

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मी मनात म्हटलं, आता म्हणतील कोर्टाचा कागद. त्यांनी माझी यादी समोर घेतली.

“मग रजनी दहावी जाते,” त्या म्हणाल्या.

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. रजनी ढोरे दर दिवाळीला मंडळातल्या सगळ्या मुलींना चिवडा पाठवायच्या. मला एकदम रडू यायला लागलं. एकीला आत घेताना दुसरी बाहेर पडते, आणि रेघ परत मीच मारणार.

“रेघ खोड,” प्रभाताई म्हणाल्या. “दहावीच्या खाली मार. संघात एक राखीव असते की नाही?” आणि पेंटरला हाक मारून म्हणाल्या की बाबा, दहा नावं बसव, अक्षर बारीक कर.

शनिवारी प्रभाताई सिंधूआजीकडे गेल्या होत्या. तिथे काय बोलणं झालं ते मला आजतागायत कोणी सांगितलेलं नाही, आणि मी विचारून विचारून थकले. मी संध्याकाळी गेले तेव्हा ओट्यावर चहाच्या दोन कपबशा होत्या आणि सोललेल्या तुरीची परात काठोकाठ भरलेली होती. एका माणसाकडून एका दुपारी एवढी तूर सोलून होत नाही.

“कारंज्याचं काय?” मी विचारलं.

“रद्द झालं,” सिंधूआजी म्हणाली.

रविवारी ती आली, साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट घालून. फलकावरचं कापड निघालं. प्रभा देशमुख, नलिनी मोहोड, सिंधू खरबडे. तिने आपलं नाव वाचलं, मग खालची सगळी वाचली, शेवटी रजनीचं सापडल्यावर मान हलवली.

मग जुन्या खेळाडूंनी एकेक चेंडू खेळायचा असं ठरलं होतं. समोर आमच्या संघातल्या मोठ्या मुली नव्हत्या, सहावीतल्या पोरी होत्या, पिचर म्हणून बारकीशी अनुष्का. स्कोअरची वही माझ्याकडे, नवी कोरी, आठवी. नलिनीताईंनी आधी खेळून पहिला बेस गाठला, म्हणजे त्यांना सगळ्यांनी मिळून गाठू दिला. मग सिंधूआजी पदर खोचून उभी राहिली. तिच्या बाजूला, पुढच्या क्रमांकाच्या जागी, प्रभाताई.

आजीने सवयीने त्यांच्याकडे पाहिलं. आख्खं मैदान त्यांच्याकडे पाहत होतं, पण कशासाठी ते तिथे चार-पाच जणींनाच माहीत होतं. प्रभाताईंनी उजवा हात खांद्यामागे नेला. तिथून न दिसणारी काहीतरी लांब, जड वस्तू उचलली आणि हळूच पुढे आणून छातीवर सोडली. वरून एकदा थोपटली.

नलिनीताई पहिल्या बेसवर तोंडाला पदर लावून उभ्या होत्या.

अनुष्काने चेंडू टाकला आणि सिंधूआजीने बॅट फिरवली, पूर्ण, टाचेपासून, मोसंब्याच्या वेळी फिरवायची तशी. सगळ्या जोरानिशी. चेंडूला बॅटची नुसती कड लागली. तो जमिनीवर टुणटुणत गेला तो सरळ अनुष्काच्या पायाशी. तिने उचलला, पहिल्या बेसला फेकला. आजीचं तिथवरचं निम्मं अंतर अजून बाकी होतं. नलिनीताई तर हसता हसता पळायच्याच विसरल्या होत्या; पहिल्या बेसवरच खिळलेल्या.

सिंधूआजी धापा टाकत माझ्या टेबलापाशी आली. गाल लाल झाले होते, केस सुटले होते. वहीत वाकून पाहायला लागली. मी पेन हातात धरून तशीच बसलेली.

“लिही ना.”

“आजी, हा प्रदर्शनी सामना आहे. धरायचा नसतो.”

“वहीत नाव लिहिलं का नाई माझं? मग धरावं लागते. लिही, एक-तीन. फुली मार.” ती माझ्या डोक्यावरून मैदानाकडे पाहत होती. “हा माझा आउट हाय. माझा एकटीचा.”

मी लिहिलं. लाल फुली मारली. मग गणिताची खोड, म्हणून समासात भागाकार केला: एकावन्न भागिले एकशे सहासष्ट. तीस पूर्णांक सात.

म्हणजे शैला इंगळे तिसऱ्या आणि सिंधू खरबडे चौथी. फलकावरचा रंग वाळून गेला होता. आजीने आकडा पाहिला, माझ्या हातातून पेन घेतलं, आणि खाली आपल्या हाताने लिहिलं: ‘बरोबर’.